टॉकीजच्या भिंतीमागचा फेर

माझी पाठवणी झाली त्या दिवशी बैलगाडी वेशीतच अडली. बैलांनी नव्हे, पोरींनी अडवली. माझ्या मैत्रिणी बैलांपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुशे, उतर खाली. एक फेर घाल आनी मग जा कुटं जायाचं ते." माझ्या चुलतसासऱ्यांना कोरेगावच्या ठेसनावर गाडी गाठायची घाई. ते गाडीवानाला म्हणाले, "ह्यास्नी सांग रं, आगीनगाडी काय फेरासाठी थांबत न्हाई." पण ऐकतंय कोण. मी हिरव्या लुगड्यात, मुंडावळ्या कपाळावर तशाच, खाली उतरले आणि हात धरले. सासरच्या पुरुषांनी लगेच पाठ फिरवली. नवरदेवही बांधाकडं तोंड करून असे उभे राहिले की जणू आमच्या ज्वारीची कणसं बघायलाच सांगलीहून आलेत.

आमच्याकडं ही रीतच होती. बायकांचा फेर चालला की पुरुषानं तिकडं बघायचं नाही. कुणी दवंडी पिटून सांगितलेलं नव्हतं, पण देवळामागच्या पटांगणात पंचमीची गाणी सुरू झाली की गडीमाणसं वाट वाकडी करून ओढ्याकडनं जायची. फेरात सगळ्यांची तोंडं आत. समोरची तुम्हाला बघणार, तुम्ही समोरचीला. बाहेरच्या जगाला आमची फक्त पाठ. आई तेवढी त्या दिवशी फेरात आली नाही. गाडीच्या चाकाला हात लावून बाजूला उभी राहिली. मला वाटलं, लेक चालली म्हणून तिच्या पायातलं बळ गेलं असेल.

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या पदराला खोबरं-तांदूळ बांधून निघून आलेल्या बायांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. हल्ली लग्नाच्या वरातीत पोरंपोरी नाचायला लागली की शेजारच्या खुर्चीवरची एखादी म्हातारी माझ्या कानाशी लागते, "आमच्या वेळी असलं नव्हतं बाई." आमच्या वेळी असलं होतं. अगदी असलंच होतं. म्हाताऱ्या माणसांना आठवणी धुऊन वाळत घालायची सवय असते, तेवढंच.

सांगलीत आमचं बिऱ्हाड एका टॉकीजच्या मागं होतं. हे हळदीच्या वखारीत तोलाईचं काम करायचे. संध्याकाळी घरी यायचे ते हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे होऊन. सासू-सासरे इस्लामपूरकडं शेतावर, त्यामुळं खोलीत आम्ही दोघंच. खोलीमागं एक परसू, त्यात नळ, कर्दळीचं बेट, आणि पलीकडं टॉकीजची उंच, बिनखिडकीची भिंत. त्या भिंतीतून दिवसाचे सगळे खेळ ऐकू यायचे. गाणी, मारामाऱ्या, हिरोइनीचं रडणं. चेहरा एकीचाही बघितला नव्हता, पण कुठल्या गाण्यानंतर कोण मरणार ते मला तोंडपाठ झालं. घासलेट रेशनवर, कापड रेशनवर, लढाई कधी संपणार ते कुणाला ठाऊक नाही, पण त्या भिंतीपलीकडं रोज कुणीतरी नाचत असायचं.

एकदा ह्यांनी तिकीट काढलं. मी बायकांच्या बाजूला बसले. पडद्यावर एक बाई आली आणि नाचायला लागली. देखणी होती, खोटं कशाला बोलू. कमरेवर हात, पदर खांद्यावरनं घसरलेला, ओठ दातात धरून ती अशी काही बघत होती की पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या आणि कुणीतरी पडद्यावर पैसे भिरकावले. माझ्या मनात आलं, हिचं तोंड कुणाकडं आहे? घरी येताना मी ह्यांना विचारलं, "ती एकलीच नाचत हुती. तिच्या मैत्रिनी कुटं गेल्या?" हे मोठ्यानं हसले. म्हणाले, "मैत्रिनी कशाला पायजेत? बगायला आमी हाय की." त्यांनी थट्टा केली होती. मला मात्र ते बरेच दिवस आतून टोचत राहिलं.

आमच्या गल्लीत पंचमीला फेर नव्हता. बायका भिंतीवर नाग काढायच्या, पुरणाची दिंडं उकडायच्या, मेंदी लावायच्या, आणि संपली पंचमी. माणसं तरी कुठकुठची. शेजारची गंगव्वा अथणीकडची, ती म्हणायची, "आमच्याकडं पंचमीला झोका असतंय, आक्का. फेर काय असतंय?" पलीकडची कोकणातली. एकीचं गाणं दुसरीला येत नाही, मग हात धरणार कोण? पहिल्या पंचमीला मला माहेरहून न्यायलाही कुणी आलं नाही. चळवळीचे दिवस होते, रूळ उखडले जायचे, रस्त्यात पोलिस. मी परसात धुण्याच्या दगडावर बसून एकटीच गाणी म्हटली. एकटीनं म्हणून बघा कधी. गाणं म्हणत नाही आपण, गाण्याला हाक मारतो असं वाटतं.

पुढच्या वर्षी दादा फौजेतून रजेवर आला होता, तो मला न्यायला आला. गाडीत बसल्यापासून मी फेराच्या नादात. पंचमी दोन दिवसांवर होती. घरी पाय धुतले, चहा अर्धा टाकला आणि देवळामागं पळत गेले.

आणि तिथं काय बघते, तर फेर मोडलेला. पोरी अर्धगोल करून उभ्या, आणि मध्ये माझी धाकटी बहीण हौसा. चौदा-पंधरा वर्षांची. कमरेवर हात, पदर घसरलेला, ओठ दातात. सांगलीच्या पडद्यावर बघितलेली ती बाई आमच्या देवळामागं उभी. चैत्रातल्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता म्हणे. इंजिनाच्या धडधडीत, पांढऱ्या कापडावर, जत्राभर एकच खेळ. सगळ्या पोरींनी तो बघितला आणि सगळ्यांना तो नाच चढला. पंचमीच्या गाण्यांचे शब्द तेच होते, फक्त चाल सिनेमाची लावली होती. मी म्हटलं, "आगं, फेर धरा की." तर एक ठमी म्हणते, "आक्का, तू तर सांगलीची, टाकीजच्या मागं ऱ्हातीस. तुला याला पायजे लय झ्याक." मी म्हटलं, "मला न्हाई येत." झालं. सगळ्या एका सुरात, "नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणजे बघा, शहरात जाऊन मी गावंढळ राहिले आणि गावात राहून ह्या शहरी झाल्या.

मला राग आला का? आला. पण पोरींचा नाही आला. हौसा सुंदर नाचत होती. तिच्या अंगात मुळातच ताल होता, लहानपणी जात्याच्या घरघरीवरही ती मान हलवायची. मला खटकलं ते वेगळंच. ती आमच्याकडं बघत नव्हती. ती पटांगणाच्या दगडी भिंतीकडं बघत होती. आणि भिंतीवर गावातली पोरं बसली होती, पाय खाली सोडून.

घरी येताना मी तिला विचारलं. ती लपवणारी नव्हती. म्हणाली, "आक्का, कुनी बगतंय म्हनलं की पाय आपसुक उचलत्यात. फेरात काय, समद्या सारख्याच. मधी उबं ऱ्हायलं की मी हाय आसं वाटतंय." त्या वयात मलाही कुणीतरी बघावं असं वाटतच असणार. मी तिची वेणी ओढून म्हटलं, "लय शानी झालीस," आणि विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा पाण्याला गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. आडावर, काल भिंतीवर बसलेला तानूबाईचा पोरगा किसना आणि त्याचे दोस्त उभे होते. किसनानं शीळ घातली, कमरेवर हात ठेवला, ओठ चावून तिच्यापुढं तस्संच डोलून दाखवलं आणि बोलू नये ते बोलला. काय बोलला ते तिनं मला सांगितलं, मी इथं लिहिणार नाही. ती रडली नाही. घागर उतरवून कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, "मी आता नाचनार न्हाई. कवाच न्हाई." तिचं ते बसणं मला बघवेना. कालपर्यंत वाऱ्यासारखी फिरणारी पोर, आपलेच हातपाय कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखी अंग चोरून बसली होती.

दादाच्या कानावर गेलंच. फौजेतला माणूस, उचलली जीभ लावली टाळ्याला. "उद्यापास्नं फेर बंद. आपल्या घरची पोर उंबऱ्याभायेर जायाची न्हाई. ही माजी आर्डर हाय. आनी रजा संपायच्या आत हिचं लगीन लावून टाकतो. वडगावचं त्ये स्थळ परत इचारतंय." वडगावचं स्थळ म्हणजे बिजवर, हौसाहून दुपटीनं मोठा, पदरात दोन मुलं. आमचे वडील, आबा, जोत्यावर बसून सुपारी कातरत राहिले. आबांचा स्वभावच तसा, बैल उधळला तरी आधी पान लावून घेतील. मी तोंड उघडलं तर दादा म्हणाला, "तू पाव्हनी हायस. चार दिसानं सांगलीला जाशील." ते खरंच होतं. गेलेल्या लेकीचा शब्द माहेरात कितीसा चालतो?

आई चुलीपाशी लाह्या भाजत होती. तो भावाच्या उपासाचा दिवस होता. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बहिणी भावासाठी उपास धरतात. आईनं कढई उतरवली आणि शांतपणे दादाला म्हणाली, "सकाळधरनं ह्या दोगी तुज्या नावानं उपाशी हायत्या. तुला आर्डर सोडायला आजचाच दिस घावला व्हय रं?" दादा काहीतरी बोलायला गेला. आई म्हणाली, "बगनारी पोरं भितीवर बसलीत. त्यांना खाली उतरीव, तू फौजंतला न्हवं? त्ये जमत न्हाई आनी पोरीला कोंडतोस." दादानं टोपी उचलली आणि बाहेर गेला. पण लग्नाची गोष्ट त्यानं मागं घेतली नव्हती. मला रात्रभर झोप लागली नाही, हौसालाही नाही.

पंचमीच्या दिवशी वारुळाला जाऊन आलो. दुपारी गाणी सुरू झाली तरी हौसा कोपऱ्यातच. तेव्हा आई उठली, तिनं कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि हौसाचा हात धरला. "चल." मी बघतच राहिले. कारण आमच्या गावात एक शिरस्ता होता, जो मला कुणी समजावून सांगितलेला नव्हता, त्या दुपारीच कळला. घरात जावई आला की आईचा फेर सुटतो. लेक उजवली, बाई आता सासू झाली, तिनं पोरींत उतरायचं नाही. म्हणजे माझं लग्न लागलं त्या दिवशी आईचा फेर सुटला होता. वेशीत ती गाडीच्या चाकाशी उभी राहिली ती त्यामुळं. तिच्या पायात बळ नव्हतं असं काही नव्हतं. माझ्या लग्नात आईनं काय काय दिलं त्याचा हिशेब आबांनी जावयाला ऐकवला होता, त्यात हे नव्हतं.

वाटेत बायकांनी हटकलंच. "आवं, तुमाला जावई आलाय की." आई म्हणाली, "जावई सांगलीत हाय. त्याला हितनं काय दिसतंय?" आणि ती थांबली कुठं, तर नेमकी तानूबाईच्या दारात. मला वाटलं आता भांडण होणार, तानूबाईची जीभ म्हणजे गावची सुरी. आईनं किसनाचं नावही काढलं नाही. म्हणाली, "तानू, फेरात चल. पोरींचा फेर आत, आपला भायेर." तानूबाईनं आईकडं बघितलं, हौसाकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं, आडावरच्या गोष्टी गावात कुणाला ठाऊक नसतात? ती पिठाचे हात झटकून निघाली. मग एकीमागून एक, जावई आलेल्या, सुना आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, सगळ्या.

पटांगणात पोरींनी आत फेर धरला आणि आयांनी त्यांच्याभोवती मोठा फेर धरला, खांद्याला खांदा लावून. भिंतीवर किसना आणि त्याची टोळी होतीच. त्यांना दिसलं काय? आपापल्या आयांच्या पाठी. रोज चुलीपुढं वाकलेल्या ज्या पाठीमागं बसून जेवायचं, ती पाठ. किसना सगळ्यात आधी उतरला, तोही घाईघाईत, सदरा मातीत माखून. बाकीची पोरं शहाण्यासारखी त्याच्यामागं गेली. कुणी कुणाला शिवी दिली नाही.

हौसा आत ताठ उभी होती, पाय उचलत नव्हती. मग आई बाहेरच्या फेरातून म्हणाली, "हौसे, त्यो सिनेमातला नाच दाव की. आमी कुटं तंबूत गेलतो." हौसाला वाटलं आई टोमणा मारते. पण आईच्या तोंडावर तसं काही नव्हतं, तिला खरंच बघायचा होता. हौसानं आधी नुसता हात कमरेवर ठेवला. मग मान वळवली. मग एकदम पाण्यात उडी मारावी तशी नाचायला लागली. तोच नाच, तीच कंबर, तेच ओठ दातात. बायका हसून हसून बेजार. तानूबाई म्हणाली, "थांब, मला बगू दे जमतंय का," आणि तिनं आपलं सगळं अंग असं काही घुसळलं की पोरींनी फेर सोडून पोटं धरली. आईनंही करून बघितलं. आईला ते अजिबात जमलं नाही. पण हौसा पुढं झाली, आईच्या कमरेला दोन्ही हात लावून म्हणाली, "आसं न्हाई आय, आसं." त्या दोघींकडं बघताना मला वाटलं, आता ह्या पोरीला कुणी घरात कोंडू शकायचं नाही.

आणि तसंच झालं. अख्ख्या गावच्या आया फेरात उतरल्यावर दादाच्या आर्डरीला विचारतो कोण? त्यानं रागानं दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी हौसानं त्याच्या पुढ्यात दिंडं ठेवली तेव्हा मुकाट्यानं खाल्ली. वडगावचं स्थळ पुन्हा निघालं नाही. हौसाचं लग्न दोन वर्षांनी झालं, तिच्या जोडीच्या मुलाशी. तिथंही ती नाचली, पोरं झाल्यावरही नाचली.

त्या दुपारी फेर संपल्यावर आई देवळाच्या पायरीवर धापा टाकत बसली होती. मी तिला पदरानं वारा घालत होते. ती म्हणाली, "तुमच्या सांगलीत बायका कुटं नाचत्यात गं?"

मी म्हटलं, "आमच्या गल्लीत न्हाई नाचत."

तिनं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "मग तितं ऱ्हातीस तरी कशी?"

चार दिवसांनी मी सांगलीला परतले ते हे वाक्य घेऊनच. श्रावण अजून सरला नव्हता. एका मंगळवारी दुपारी, टॉकीजचा खेळ सुरू झाल्यावर, मी गंगव्वाचं दार वाजवलं. "हात दे," म्हटलं. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "आदी दे, मग सांगते." कोकणातलीला ओढली, नळावर आलेल्या आणखी दोघी-तिघींना ओढलं. गाणं कुणाचं म्हणायचं त्यावर वाद झाला. गंगव्वाचं गाणं आम्हाला येईना, माझं तिला येईना. तेवढ्यात भिंतीपलीकडं पडद्यावरच्या बाईचं गाणं लागलं. ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. मग काय, त्याच गाण्यावर आम्ही फेर धरला. भिंतीच्या त्या बाजूला गल्लीतले सगळे पुरुष तिकीट काढून एकीला नाचताना बघत होते, आणि ह्या बाजूला त्यांच्या बायका नाचत होत्या, फुकट, आणि बघायला कुणी नाही. कोकणातली एवढी हसली की तिला उचकी लागली. गंगव्वानं कमरेवर हात ठेवून ओठ चावून दाखवला. आम्ही सगळ्यांनी दाखवला. मला हौसाची फार आठवण आली.

नंतर तो दर मंगळवारचा नेम झाला. बायका वाढल्या, परसू पुरेना, कर्दळी काढाव्या लागल्या. ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "आमाला तिकीट न्हाई का?" मी म्हटलं, "न्हाई. तुमी भितीपल्याड जावा." गेले बिचारे. मनानं लय चांगले होते.

आता ते टॉकीज पडलं, तिथं दुकानं झाली. नाती गॅदरिंगला लाइटाखाली नाचतात, कमरेवर हात ठेवतात, ओठ चावतात, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. घरी आल्यावर दार लावून त्यांना म्हणते, आता माझ्यासमोर नको, माझ्याबरोबर नाचा. त्या हसतात, पण हात देतात. कुणी मला विचारलं, आजी, तुमचं गाव कुठलं, तर मी कोरेगावकडचं सांगते. आणि घर? घर सांगलीत. हे कधी ठरलं, तेही मला माहीत आहे.

मंगळवारचा फेर सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षी पंचमीला आबा मला न्यायला आले होते. दादा परत लढाईवर गेला होता. मी आबांना म्हटलं, "आबा, मी पंचमी झाल्यावर येते. हितल्या बायका माज्यावाचून फेर धरायच्या न्हाईत." आबांनी पान खाल्लं, पिशवी उचलली आणि एकटेच गेले. आईला काय वाटेल ह्या काळजीनं मला दिंडं गोड लागली नाहीत. आठवड्यानं मी माहेरी गेले तेव्हा आई गोठ्यात होती. मी हौसाला बाजूला घेऊन विचारलं, आय काय म्हनली गं?

हौसा म्हणाली, "दारातच उबी हुती. आबा एकलंच येताना दिसलं, तवा हसली. म्हनली, आता गेली माजी सुशी सासरी."